आधी गाळ, मग कोबाल्ट

जानेवारी २०२४ मध्ये भारताने जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे दोन अर्ज केले. एक होता कार्ल्सबर्ग या सागरी पर्वतरांगेतल्या गंधकयुक्त धातूंच्या साठ्यांसाठी. दुसरा होता अफनासी निकितिन नावाच्या बुडालेल्या ज्वालामुखी पर्वतावरच्या कोबाल्टसाठी. अशा प्रत्येक अर्जासोबत पाच लाख डॉलरचे शुल्क भरावे लागते. पहिला अर्ज मार्गी लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा करारही झाला. दुसरा अडकला, कारण हा समुद्रतळ आपल्या भूखंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरलेल्या भूभागाचा भाग आहे असा श्रीलंकेचा दावा २००९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे पडून आहे.

तेव्हापासून या पर्वताची चर्चा कोबाल्ट, चीन आणि श्रीलंका या तीन शब्दांपलीकडे फारशी गेलेली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते, चीनची या धातूवर पकड आहे, शेजारी देश आडवा आला आहे. हे सगळे खरे आहे. पण ज्या पर्वतावरून हा वाद चालला आहे, त्याची स्वतःची कहाणी या चर्चेत कुठेच येत नाही. ती नुसती अभ्यासकांच्या कुतूहलाची बाब असती, तर वगळली तरी चालले असते. प्रत्यक्षात खनिज कुठे आहे, किती आहे, ते खरवडल्यावर काय नष्ट होईल आणि कायद्याच्या दृष्टीने हा तळ कोणाचा, या चारही प्रश्नांची उत्तरे त्या पर्वताच्या भूशास्त्रीय इतिहासात, विशेषतः त्याच्यावर आणि त्याच्याभोवती साचलेल्या गाळात आहेत. म्हणून खनिजाच्या मोजणीआधी या गाळाचा नीट अभ्यास व्हायला हवा आणि तो सर्वांसाठी खुला असायला हवा.

हा पर्वत श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून सुमारे हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या खाली तीन अंशांच्या आसपास आहे. लांबी सुमारे ४०० किलोमीटर, रुंदी १५०. भोवतालचा समुद्रतळ ४,८०० मीटर खोल आहे आणि त्यातून बाराशे मीटर उंचीचे एक विस्तीर्ण पठार वर आले आहे. पठारावर आणखी उंच माथे उभे आहेत. त्यांतल्या दोघांचे शेंडे समुद्राच्या पृष्ठभागाखाली १,६०० आणि २,०५० मीटरवर आहेत. म्हणजे सर्वांत उंच माथा तळापासून बत्तीसशे मीटर उंच, कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. तरीही त्याच्या डोक्यावर दीड किलोमीटरहून जास्त पाणी आहे.

त्याला नाव सोव्हिएत संशोधकांनी दिले, ते पंधराव्या शतकातल्या एका रशियन व्यापाऱ्याचे. अफनासी निकितिन हा त्वेर गावचा. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून समुद्रमार्गे निघाला आणि आपल्या चौल बंदरात उतरला. तिथून जुन्नर आणि बिदर असा त्याने बहामनी मुलूख पाहिला, त्याचे वर्णन लिहून ठेवले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतल्याची हकीकतही त्यात आहे. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. कोकणच्या किनाऱ्याशी या पर्वताचा नावापुरता संबंध आहे तो असा. दुसरा संबंध गोव्याशी आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या पर्वताचा इतिहास उलगडण्यात मोठा वाटा उचलला आहे. के. एस. कृष्णा, व्ही. के. बनकर आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी तळाचे नकाशे काढले, गाळाखालच्या खडकाचा माग घेतला, माथ्यावरून ओढून आणलेल्या बेसॉल्टचे वय काढले.

त्या कामातून उभी राहिलेली कहाणी अशी.

आठ कोटी ते सात कोटी तीस लाख वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका यांच्यामधला महासागर रुंदावत होता. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत होते आणि त्यांच्यामधल्या भेगेतून वर येणारा लाव्हा थिजून नवा समुद्रतळ तयार होत होता. याच भेगेजवळ प्रावरणातून वर आलेल्या एका तप्त बिंदूने, म्हणजे हॉटस्पॉटने, अफाट लाव्हा ओतला आणि पठार तयार झाले. समुद्रतळ आणि पठार यांचे वय जवळपास सारखेच आहे, हे तळाच्या खडकात नोंदल्या गेलेल्या चुंबकीय पट्ट्यांवरून ठरले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा वेळोवेळी उलटते आणि थिजणारा लाव्हा त्या त्या वेळची दिशा आपल्यात धरून ठेवतो. निकितिनच्या पठारावर या पट्ट्या सलग, न तुटता दिसतात.

पठाराची निर्मिती भेगेजवळच झाल्याने त्या लाव्ह्याचा काही भाग पलीकडच्या भूपट्टावरही पडला. तो आज अंटार्क्टिकेच्या वाटेवर, दक्षिण गोलार्धात ५३ अंशांच्या सुमारास कॉनरॅड उंचवटा म्हणून ओळखला जातो. ओब आणि लेना हे सागरी पर्वत त्याचेच भाग. एका हॉटस्पॉटवर जन्मलेल्या या दोन उंचवट्यांमध्ये आज अक्षांशाचे पन्नास अंश, म्हणजे पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर पडले आहे. एकाला भारताच्या भूपट्टाने उत्तरेकडे आणले, दुसरा थंड पाण्यात मागे राहिला.

पठार तयार झाल्यानंतर साठ लाख ते एक कोटी तीस लाख वर्षांनी तिथे पुन्हा उद्रेक झाले. माथ्यांवरून खरवडून आणलेल्या दोन बेसॉल्ट नमुन्यांचे आर्गॉन पद्धतीने काढलेले वय सहा कोटी सत्तर लाख वर्षे निघाले. मराठी वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटेल. सह्याद्रीचे कडे ज्या लाव्ह्याने रचले, त्या दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य काळ सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा. भूशास्त्राच्या मापात हे जवळपास एकाच वेळी घडले. मात्र उगम वेगळा: दख्खनचा लाव्हा रियुनियन हॉटस्पॉटशी जोडला जातो, निकितिनचा कॉनरॅडशी. एकाच भूपट्टाच्या दोन भागांत, दोन वेगळ्या कारणांनी, एवढ्या मोठ्या घडामोडी चालू होत्या.

या दुसऱ्या फेरीत उभे राहिलेले दोन माथे सपाट आहेत. अशा सपाट माथ्याच्या सागरी पर्वतांना गायो म्हणतात. हे पर्वत कधीकाळी बेट होते किंवा पृष्ठभागाच्या अगदी जवळ होते आणि लाटांनी त्यांचा शेंडा तासून काढला, असे सपाट माथ्यावरून समजते. पुढे भूपट्ट थंड होत गेला, जड झाला, खचला आणि त्याच्यासोबत पर्वतही खाली गेला. ज्या माथ्यावर एकेकाळी लाटा फुटत होत्या, तो आज १,६०० मीटर खोल आहे. निकितिन ज्वालामुखी म्हणून संपला आणि त्याच्या गाळाचा इतिहास सुरू झाला.

गाळ दोन वाटांनी आला. पहिली वाट वरून खालची. समुद्राच्या उजेडातल्या थरात जगणारे सूक्ष्म जीव मरतात आणि त्यांची चुनखडीची कवचे संथपणे तळाकडे पडत राहतात. त्यात वाऱ्याने आलेली धूळ मिसळते. हजार वर्षांत काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर अशा गतीने हा थर वाढतो. फार खोल पाण्यात चुना विरघळून जातो, पण सागरी पर्वताचे माथे त्या मर्यादेच्या बरेच वर असतात, त्यामुळे तिथे ही कवचे टिकतात. त्यांच्या रासायनिक घडणीवरून त्या काळचे पाण्याचे तापमान आणि त्याचे गुणधर्म कळतात. ज्या भूपट्टाने दक्षिणेच्या थंड पट्ट्यापासून विषुववृत्तापर्यंत प्रवास केला, त्याच्या पाठीवरच्या पर्वतमाथ्यावर साचलेला गाळ म्हणजे त्या सगळ्या प्रवासाची नोंद. प्रवाहांनी मधले काही थर वाहून नेलेले असतील, पण उरलेलेही अमोल आहेत.

दुसरी वाट आडवी आहे आणि ती हिमालयातून येते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा दरवर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ समुद्राकडे नेतात. बंगालच्या उपसागरात हा गाळ तळावरच्या दऱ्यांमधून गढूळ प्रवाहांच्या रूपाने दक्षिणेकडे धावतो. त्यातून जगातला सर्वांत मोठा सागरी गाळपंखा तयार झाला. त्याची लांबी सुमारे तीन हजार किलोमीटर आहे, बांगलादेशच्या किनाऱ्यालगत त्याची जाडी सोळा किलोमीटरवर जाते आणि त्याचे दक्षिण टोक विषुववृत्त ओलांडून निकितिनच्या पायथ्यापलीकडे पोहोचते. १९८७ मध्ये महासागर उत्खनन कार्यक्रमाच्या ११६ व्या मोहिमेने या पर्वताच्या उत्तरेला, विषुववृत्ताच्या जरासे खाली, तीन ठिकाणी तळ छेदला. तिथे हाती लागलेला हिमालयी गाळ एक कोटी सत्तर लाख वर्षांपर्यंत जुना निघाला. निदान तेव्हापासून हिमालय झिजून विषुववृत्तापलीकडे वाहत होता.

महापुरात पाणी देवळाच्या जोत्याभोवती फिरते, पायऱ्या बुडवते, पण कळसाला लागत नाही. निकितिनचे तसेच झाले. गढूळ प्रवाहांनी त्याचा पायथा आणि आसपासच्या लहान टेकड्या गाडल्या; उंच माथ्यांवर मात्र वरून पडणारा बारीक गाळच पोहोचला. एकाच पर्वतावर दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत. खाली हिमालयाच्या झिजेची, वर महासागराच्या पाण्याची.

उत्तरेकडे गेले की दृश्य पालटते. निकितिनच्या उत्तरेला ८५ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास ज्वालामुखी खडकाची एक लांबच लांब रांग महानदीच्या मुखासमोरच्या समुद्रापर्यंत पसरली आहे. तिचे उत्तरेकडचे भाग काही किलोमीटर गाळाखाली पूर्ण गाडलेले आहेत. वर सपाट तळ, खाली डोंगर. ध्वनिलहरी आणि गुरुत्वाकर्षणाची मोजमापे यांच्यामुळेच ती सापडली. त्यातही एक कोडे निघाले. घट्ट खडकाच्या डोंगरावर गुरुत्वाकर्षण थोडे जास्त भरायला हवे, पण या रांगेच्या उत्तर भागावर ते कमी भरते. १९८२ मध्ये लिऊ, सँडवेल आणि करे या शास्त्रज्ञांनी त्याचे स्पष्टीकरण मांडले: रांग तयार झाली तेव्हा खालचा भूपट्ट कोवळा आणि नरम होता, म्हणून डोंगराच्या वजनाने तो आत दबला, पुढे त्यावर गाळाचा भार पडला तोपर्यंत भूपट्ट ताठर झाला होता. नंतरच्या अभ्यासकांनी याला वेगळे उत्तर दिले. त्यांच्या मते रांग तयार होताना तिच्याखालचा तळ आधीच अडीच ते साडेतीन कोटी वर्षांचा झाला होता.

दशकानुदशके असे मानले जाई की हीच रांग दक्षिणेकडे जाऊन निकितिनला मिळते आणि दोघांचा उगम एकच. २०१४ मध्ये कृष्णा आणि सहकाऱ्यांनी हे मत खोडून काढले. निकितिन भेगेजवळ, कोवळ्या भूपट्टावर तयार झाला. रांग भूपट्टाच्या आतल्या, जुन्या भागावर. दोघांचे प्रावरणातले स्रोत वेगळे आणि त्यांची टोके एकमेकांजवळ येणे हा निव्वळ योगायोग, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या पर्वताच्या जन्माबद्दलचे मत इतक्या अलीकडे असे उलटले, त्याच्याबद्दल सगळे माहीत झाले आहे असे समजून पुढे जाणे शहाणपणाचे नाही. माथ्यांची वये ज्यावरून निघाली ते नमुनेही मोजकेच, तळावरून साखळीची जाळी ओढून आणलेले. दगड कुठून निघाला हे त्यात ढोबळमानानेच कळते आणि थरांचा क्रम तर हरवूनच जातो.

पर्वताच्या गोष्टीत आणखी एक प्रकरण आहे, ते अजून चालू आहे. आशियाशी झालेल्या टकरीमुळे भारताचा भूपट्ट दाबला जातो आहे आणि मध्य हिंदी महासागराचा तळ सत्तर-ऐंशी लाख वर्षांपासून घड्या घालू लागला आहे. शंभर ते तीनशे किलोमीटर लांबीच्या आणि एक-दोन किलोमीटर उंचीच्या या घड्या निकितिनच्या परिसरातच ठळक आहेत. पर्वताच्या वजनाने आधीच वाकलेला भूपट्ट तिथे सहज मोडला, असे काही शास्त्रज्ञ सुचवतात. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचे एकत्र मानले जाणारे भूपट्ट वेगळे होत असल्याची ही खूण आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ आणि ८.२ क्षमतेचे दोन भूकंप एकाच दिवशी झाले, ते याच व्यापक प्रक्रियेचा भाग. घड्या केव्हा पडल्या हे कळते ते गाळाच्या थरांवरून: कोणते थर वाकले आणि कोणते नंतर सपाट बसले, ते पाहून.

आता कोबाल्ट. ज्याच्यासाठी अर्ज झाला ते खनिज म्हणजे खडकावर चढलेला लोह आणि मँगनीजचा काळा पापुद्रा. समुद्राच्या पाण्यातले धातू कणाकणाने खडकावर बसतात आणि दहा लाख वर्षांत एक ते पाच मिलिमीटर जाडी वाढते. बोटभर पापुद्रा जमायला कोट्यवधी वर्षे लागतात. त्यात कोबाल्टसोबत प्लॅटिनमच्या कुळातले धातूही अल्प प्रमाणात असतात, आणि निकितिनवरच्या नमुन्यांत त्यांचा अभ्यास गोव्याच्या संशोधकांनी केला आहे. मध्य हिंदी महासागरात भारताचा ७५ हजार चौरस किलोमीटरचा मँगनीज गोट्यांचा करार आहे. ते गोटे गाळावर सुटे पडलेले असतात. पापुद्रा मात्र खडकाला चिकटलेला असतो आणि गाळ साचत नाही तिथेच तो वाढतो, कारण गाळाखाली गेला की त्याला पाण्यातून धातू मिळत नाहीत. डोंगराला वळसा घालणारे प्रवाह जे उतार झाडून स्वच्छ ठेवतात, तिथेच तो जाड होतो.

गाळाचा नकाशा नसेल तर पापुद्र्याचा हिशेबही लागत नाही, तो यामुळे. चारशे किलोमीटर लांबीच्या पर्वतावर उघडा खडक किती आणि झाकलेला किती, झाकलेल्या भागात गाळ काही सेंटिमीटरचा आहे की काही शे मीटरचा, हे कळल्याशिवाय साठ्याचा कोणताही आकडा हा अंदाजच राहील. खाणकामाच्या स्वतःच्या सोयीसाठीही गाळाचा अभ्यास आधी हवा.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. उघडा खडक आणि गाळाचे चौथरे एकमेकांना लागून असतात. पापुद्रा खरवडताना उडालेला बारीक धुरळा शेजारच्या उतारावर आणि माथ्यावर बसणार. जपानने २०२० च्या जुलैमध्ये ताकुयो-दाइगो या सागरी पर्वतावर अशी चाचणी केली. यंत्र सुमारे दोन तास चालले आणि साडेसहाशे किलोच्या आसपास पापुद्रा निघाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वर्षभरानंतर गाळ पडलेल्या भागात मासे आणि कोळंबीसारख्या जीवांची संख्या ४३ टक्क्यांनी घटली होती, तर लगतच्या भागात ५६ टक्क्यांनी. दोन तासांच्या चाचणीची ही नोंद आहे. व्यापारी खाण वर्षानुवर्षे चालेल.

कायद्याचा प्रश्नही शेवटी गाळावरच येऊन थांबतो. सागरी कायद्याच्या १९८२ च्या करारानुसार दोनशे सागरी मैलांपलीकडचा भूखंडमंच किती मानायचा, हे ठरवण्याच्या सूत्रांपैकी एक गाळाच्या जाडीचे आहे. बंगालच्या उपसागराचा दक्षिण भाग वेगळा आहे, कारण तिथे अरुंद किनारी मंच आणि त्यापुढे पसरलेला प्रचंड गाळपंखा अशी स्थिती आहे. नेहमीचे सूत्र लावले तर किनारी देशावर अन्याय होईल म्हणून एक खास समझोता झाला आणि तो हा करार घडवणाऱ्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजाला जोडला गेला. या समझोत्यानुसार गाळाची जाडी जिथे एक किलोमीटर उरते, तिथपर्यंत मंचाची कड नेता येते. श्रीलंकेचा दावा याच तरतुदीवर उभा आहे, भारताने त्यावर आक्षेप घेतले आहेत. गंगेच्या पात्रातून निघालेली माती विषुववृत्तापर्यंत किती जाड थर करून बसली, यावर एका सागरी पर्वताची मालकी अवलंबून राहावी, अशी ही स्थिती आहे.

राजनैतिक पातळीवर हा पेच सुटायला वेळ लागेल. तोवर गप्प बसण्याचे मात्र कारण नाही. दोन्ही देशांना लागणारी माहिती एकच आहे: गाळ किती जाड, त्याखाली काय, तो कधी साचला. ती माहिती दोघांनी मिळून, एका जहाजावरून, दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांसमोर गोळा केली तर वादाचा अर्धा भाग तरी पुराव्यांच्या पातळीवर येईल.

तळ छेदून पाहिल्यावर काय हाती लागते, याचे उदाहरण महाराष्ट्र आणि गोव्याच्या समोरच, अरबी समुद्रात आहे. लक्ष्मी खोऱ्यात रामन आणि पणिक्कर हे सागरी पर्वत आणि वाडिया हा गायो आहेत. त्यांची नावे भारतीय शास्त्रज्ञांवरून ठेवलेली आहेत. याच खोऱ्यात २०१५ मध्ये जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजाने आंतरराष्ट्रीय उत्खनन कार्यक्रमाची ३५५ वी मोहीम केली. गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि तेव्हा अमेरिकेत काम करणारे पीटर क्लिफ्ट तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, तळाच्या आणखी हजार मीटरहून जास्त खाली गेल्यावर छिद्र बेसॉल्टपर्यंत पोहोचले. वाटेत एका अवाढव्य सागरी दरडीचा मलबा लागला. नटराज हे नाव दिलेली ही दरड सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनारपट्टीवरून कोसळली. जगातल्या ज्ञात सागरी दरडींमध्ये ती अगदी मोठ्यांपैकी एक आहे. मॉन्सूनचा इतिहास शोधायला गेलेल्या जहाजाला एवढ्या मोठ्या आपत्तीचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. ध्वनिलहरींच्या चित्रात जे अंदाजाने दिसते, त्याचे वय आणि घडण हातात येते ती छिद्रातून काढलेल्या गाभ्यामुळेच.

निकितिनबाबत हे व्हायला हवे.

यावर एक रास्त हरकत घेतली जाईल. भारताने मागितला आहे तो शोधाचा परवाना, खाणीचा नव्हे. अशा करारांत पंधरा वर्षे अभ्यासच करायचा असतो, मग घाई कसली? देशाला कोबाल्ट हवे आहे, बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, आणि पापुद्र्यांचे आजवरचे करार प्रशांत आणि अटलांटिक महासागरांत इतरांनी केले असताना हिंदी महासागरात आपण मागे का राहावे? या मुद्द्यांत वजन आहे. भारताने अर्ज केला यात काहीच गैर नाही. शोधाचा करार झाला तर पाहणीची जहाजे जातील, पैसा येईल, नकाशे होतील. प्रश्न आहे तो शोध कशाचा, हा. आकडे कोबाल्टचे मागितले तर मोजणी कोबाल्टचीच होते. गाळ मोजला जातो तो अडथळा म्हणून.

पापुद्र्याच्या शोधकरारात जास्तीत जास्त तीन हजार चौरस किलोमीटर क्षेत्र मिळते, वीस चौरस किलोमीटरच्या दीडशे तुकड्यांत. आठव्या वर्षाअखेर त्यातला किमान एक तृतीयांश आणि दहाव्या वर्षाअखेर दोन तृतीयांश भाग सोडून द्यावा लागतो. साहजिकच जिथे धातू कमी, तो भाग आधी सुटतो. उरलेल्या हजार चौरस किलोमीटरमध्ये पर्वताचे सर्वांत उघडे, सर्वांत जुने उतार येतील. राखीव क्षेत्र ठेवण्याची तरतूद नियमांत आहे, पण ते कुठे ठेवायचे याचा निकष जर धातूची उणीव असेल, तर राखलेले क्षेत्र खाणीच्या क्षेत्रासारखे नसेलच, आणि तुलनेलाही उपयोगी पडणार नाही.

भारत सरकारने २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. सहा हजार मीटर खोल जाणारी मत्स्य ६००० ही तीन माणसांची पाणबुडी त्यातूनच घडते आहे. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत नवे संशोधन जहाजही बांधले जाणार आहे. साधने येत आहेत. जॉइडेस रेझोल्यूशन मात्र २०२४ मध्ये निवृत्त झाले, त्यामुळे खोल छिद्रे घेण्यासाठी जपान आणि युरोपच्या नव्या उत्खनन कार्यक्रमाशी भारताला आत्ताच बोलावे लागेल. अशा मोहिमा ठरायला अनेक वर्षे जातात.

यासाठी चार गोष्टी हव्यात. पहिली, निकितिनच्या एका सपाट माथ्यावर आणि त्याच्या पायथ्याशी अशी दोन छिद्रे, गाळ पूर्ण छेदून बेसॉल्टपर्यंत, म्हणजे बेट केव्हा बुडाले आणि हिमालयाचा गाळ पायथ्याला केव्हा टेकला, हे वयासकट कळेल. दुसरी, गाळ, ध्वनिचित्रे आणि गाभे यांची माहिती खुली करणे. पर्यावरणाची माहिती गोपनीय राहू शकत नाही असे प्राधिकरणाचे नियमच सांगतात. भूशास्त्रालाही भारताने स्वतःहून तोच दर्जा द्यावा आणि गाभे गोव्यात सर्व देशांच्या अभ्यासकांना पाहता येतील असे ठेवावेत. तिसरी, करार झाल्यास कोणता भाग कायमचा अस्पर्श ठेवायचा हे खरवडण्याचा विचारही सुरू होण्याआधी शास्त्रज्ञांनी ठरवावे. त्यात निदान एक गायो, त्याच्या गाळाच्या टोपीसह आणि पापुद्र्याने मढलेल्या उतारांसह, पूर्ण असावा. चौथी, श्रीलंकेसोबत संयुक्त पाहणी, ज्यात दोन्ही देशांच्या कायदेशीर दाव्यांना बाधा येणार नाही असे आधीच लिहून घेतलेले असेल. खोल समुद्रातील जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आहे, आणि अशा सहकार्याची भाषा त्या करारात आहे.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी किंग्स्टनच्या निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण वैज्ञानिक पाहणीला शोधाच्या परवान्याची आवश्यकता नसते. समुद्रतळावर खाणकामाचे आंतरराष्ट्रीय नियम अजून पक्के झालेले नाहीत, अनेक देश ते लांबणीवर टाकण्याची मागणी करत आहेत आणि निकितिनचा अर्ज अडकलेला आहे. हा मोकळा वेळ भारताच्या हाताशी आहे. मिशनच्या पुढच्या टप्प्याचा आराखडा आखताना पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने या पर्वताच्या गाळासाठी स्वतंत्र तरतूद करावी, तिचा कारभार गोव्यातल्या दोन्ही संस्थांकडे द्यावा आणि कोलंबोला पहिले पत्र त्या मोहिमेच्या निमंत्रणाचे धाडावे.